प्रिंट काढलं आणि पान कोरडं झालं

आजची गोष्ट एका ओळीची आहे. अक्षरशः एका ओळीची. साठेक अक्षरांची ती ओळ मी फर्मवेअरमधून काढली आणि निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत ओलं पान कोरडं दिसायला लागलं.

मी बेंगळुरूच्या दक्षिणेला आनेकल तालुक्यात काम करते. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात येतात. इलेक्ट्रॉनिक सिटीचा काचेचा भाग मागे पडला की छोटी छोटी युनिटं सुरू होतात: कुठे सर्किट बोर्ड भरले जातात, कुठे प्लास्टिकचे डबे ओतले जातात. जाता जाता सांगते, कन्नडमध्ये ‘आनेकल्लु’ म्हणजे गार, आभाळातून पडते ती. द्राक्षवाल्यांना हा अर्थ सांगितला की त्यांना तो फारसा आवडत नाही.

आमचं यंत्र साधं होतं. पानाच्या आकाराची एक पट्टी वेलीत लावायची. तिच्यावर दव किंवा पाऊस पडला की विद्युत गुणधर्म बदलतो, आणि त्यावरून पान किती तास ओलं होतं हे कळतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर कोवळी फूट निघते तेव्हा बागाईतदाराला नेमकं हेच हवं असतं. पान बराच वेळ ओलं राहिलं तर डावणी येते, आणि डावणी घडात शिरली की वर्ष गेलं. फवारणी करायची की थांबायचं, हा निर्णय त्या आकड्यावर असतो. उगाच फवारलं तर पैसे वाया जातात आणि द्राक्षात औषधाचा अंश राहतो. नाही फवारलं तर बाग जाते.

यंत्र दर पंधरा मिनिटांनी जागं व्हायचं, पट्टीला वीज द्यायचं, मोजायचं, रेडिओने पाठवायचं आणि परत झोपायचं. टेबलावर असताना ते सगळं सांगत होतं. जागा झालो, बॅटरी इतकी, पट्टी चालू केली, वाचन इतकं, पाठवलं, पोच मिळाली. याला आमच्या धंद्यात व्हर्बोस म्हणतात. मराठीत बडबडं म्हणा. शेतात पाठवताना आम्ही बडबड बंद केली. सगळेच करतात. तिथे केबल लावून ऐकणारं कोणी नसतं, आणि बोलण्यात बॅटरी जाते.

दोन आठवड्यांनी सकाळी साडेसहाला फोन आला. “ताई, मी आत्ता बागेत उभा आहे. पान हाताला ओलं लागतंय, अन् तुमचं यंत्र रात्रभर कोरडं म्हणतंय.”

तसलंच यंत्र टेबलावर घेतलं, पट्टीवर पाणी शिंपडलं. काय बिघडलंय हे बघायला बडबड चालू केली. यंत्राने ‘ओलं’ सांगितलं. बडबड बंद केली. ‘कोरडं’. परत चालू केली. ‘ओलं’. हे आम्ही तीन दिवस करत होतो.

उलगडा झाला तो हिशोब कागदावर मांडल्यावर. आमचा सिरियल पोर्ट ९६०० बॉडवर होता. एक अक्षर पाठवायला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे साठ अक्षरांच्या ओळीला साधारण ६२ मिलिसेकंद. ती ओळ बाहेर पडेपर्यंत प्रोसेसर तिथेच थांबायचा. पट्टीच्या सर्किटला वीज मिळाल्यावर स्थिर व्हायला पन्नासेक मिलिसेकंद लागायचे. ‘पट्टी चालू केली’ ही ओळ छापण्यात जो वेळ जायचा, तोच पट्टीला उसंत देत होता. ओळ गेली, उसंत गेली. पट्टी जागी होण्याआधीच आम्ही तिला विचारत होतो, आणि तिचं उत्तर कायम एकच येत होतं.

अशा दोषाला नाव आहे, हायझेनबग. बघायला गेलं की गायब होतो तो. टँडम कंपनीतले संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ साली संगणक का बंद पडतात यावर एक अहवाल लिहिला, त्यात हा शब्द आहे. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावरची ही कोटी आहे. पण दुखणं १९८५ च्या बरंच आधीचं आहे, आणि मला आज तिथूनच सुरुवात करायची आहे, कारण यंत्राने स्वतःविषयी बोलावं की गप्प बसावं हा वाद संगणकाइतकाच जुना आहे.

केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेला एडसॅक हा संगणक १९४९ साली चालू झाला. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की प्रोग्राम लिहिणं हे अर्धंच काम, उरलेलं काम त्यातल्या चुका शोधणं. १९५१ साली त्याच गटातल्या स्टॅन्ली गिल यांनी एडसॅकवरच्या चुकांचं निदान कसं करावं यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक युक्ती होती: प्रोग्राम चालत असताना जी जी आज्ञा पार पडते तिचं अक्षर टेलिप्रिंटरवर छापत जायचं. कागदावर अक्षरांची माळ येते, आणि गाडी कुठे रुळावरून घसरली ते डोळ्यांना दिसतं. आमच्या व्हर्बोसचे हे पणजोबा.

आता त्याची किंमत बघा. एडसॅक सेकंदाला सुमारे ६५० आज्ञा पार पाडायचा. टेलिप्रिंटर सेकंदाला जेमतेम सहा-सात अक्षरं छापायचा. म्हणजे बोलत बोलत काम करायचं तर संगणक जवळजवळ शंभर पटीने मंद. गिल यांना हे अर्थात माहीत होतं. म्हणून फक्त हवा तेवढाच भाग छापणाऱ्याही पद्धती होत्या. किती बोलायचं, कधी बोलायचं आणि त्याचा वेळ कोणाच्या खात्यात टाकायचा, हे तिन्ही प्रश्न तेव्हाच टेबलावर आले होते. आमच्या ६२ मिलिसेकंदांचा प्रश्न हाच.

पुढची तीस वर्षं मी पटकन उरकते. पडदे आले, डिस्क आल्या, बोलणं स्वस्त झालं. बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल प्रोग्रामसाठी १९८० च्या दशकात सिसलॉग लिहिलं. त्यात संदेशांच्या आठ पायऱ्या ठरवल्या: सगळ्यात वर आणीबाणी, सगळ्यात खाली डीबग. ही उतरंड आजही जवळपास प्रत्येक यंत्रात कुठल्या ना कुठल्या रूपात सापडते. मोठ्या संगणकांवर बोलण्याचा खर्च हा जवळजवळ विसरलाच गेला. पण तारा नसलेल्या, दूरच्या, बॅटरीवरच्या यंत्रांना तो विसरता येईना.

दूरच्या म्हणजे किती दूरच्या? ४ जुलै १९९७ ला नासाचं मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं. आठवणीतली बातमी आहे, ती छोटी सोजर्नर गाडी. उतरल्यावर थोड्याच दिवसांत यानाचा संगणक मध्येच आपोआप रीसेट व्हायला लागला. प्रत्येक रीसेटला दिवसाचं काम अर्धवट राहायचं.

दोष मोठा गमतीचा होता, आणि त्यातही एक हवामानाचा सेन्सर आहे. हवामान मोजणारं काम कमी महत्त्वाचं होतं. ते माहितीच्या देवाणघेवाणीचं एक कुलूप हातात घ्यायचं. त्याच कुलपासाठी फार महत्त्वाचं दुसरं काम ताटकळायचं. तेवढ्यात मधल्या दर्जाचं तिसरंच काम येऊन हवामानवाल्याला बाजूला सारायचं. कुलूप सुटायचं नाही, मोठं काम वेळेत पुरं व्हायचं नाही, आणि राखणदार घड्याळ ‘काहीतरी बिघडलं’ म्हणून सगळा संगणक नव्याने सुरू करायचं.

हे सापडलं कसं? यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये घटनांची नोंद ठेवणारी सोय उड्डाणाच्या वेळी काढली नव्हती. जाणूनबुजून ठेवली होती. पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर तीच सोय चालू करून जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी तोच रीसेट घडवून आणला आणि नोंदींतून कुलूप कोणाच्या हातात अडकलं ते वाचलं. मग दुरुस्ती मंगळावर पाठवली. त्या गटाचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज यांनी नंतर सविस्तर लिहिलं, आणि त्यात त्यांचा आग्रह असा होता की जे तपासलं तेच उडवावं, आणि जे उडवणार तेच तपासावं. तपासताना बोलकं आणि उडवताना मुकं केलं, तर ते दोन वेगळे प्रोग्राम होतात.

हे मी आधी वाचलेलं होतं. माझ्या पहिल्या नोकरीत कोणीतरी ते भिंतीवरही लावलं होतं. पण मंगळाची गोष्ट आपल्याला लागू आहे असं कोणाला वाटतं? आपली पट्टी निफाडला लावायची असते.

आता बिनतारी सेन्सरांकडे येऊ. २००० च्या सुमाराला बर्कली विद्यापीठातून ‘मोट’ नावाची चिमुकली यंत्रं निघाली. दोन पेन्सिल सेलवर चालणारी, रेडिओ असलेली. मायका-२ नावाच्या मोटमध्ये ४ किलोबाइट रॅम होती. या भाषणाची लिखित प्रत तिच्यात मावणार नाही. बोलण्यासाठी तिला काय होतं? तीन दिवे: लाल, हिरवा, पिवळा. कितीतरी विद्यार्थ्यांनी या तीन दिव्यांच्या उघडझापीवरून आपले प्रबंध दुरुस्त केलेत. टेबलावर ते ठीक. शेतात, डबा बंद केल्यावर, दिवा बघणार कोण?

भारतात ही मोटं लवकरच शेतात गेली. आयआयटी मुंबईच्या स्पॅन लॅबमध्ये प्रा. उदय देसाई आणि प्रा. मर्चंट यांच्या गटाने ‘अ‍ॅग्रीसेन्स’ हा प्रकल्प केला आणि नाशिकच्या सुला वाइनयार्डमध्ये सेन्सर लावले. मातीतली ओल, हवेची आर्द्रता, तापमान, आणि हो, पानाचा ओलावा. २००० च्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट, म्हणजे आमच्या पट्टीच्या खूप आधी नाशिकच्या द्राक्षाने पवईशी बिनतारी बोलून झालं होतं. इकडे कर्नाटकात तुमकूर जिल्ह्याच्या पावगड तालुक्यात, चेन्नकेशवपुर नावाच्या कोरडवाहू गावात, भारतीय विज्ञान संस्था आणि स्वित्झर्लंडची लोझान इथली ईपीएफएल यांनी भुईमुगाच्या शेतकऱ्यांसाठी ‘कॉमनसेन्स नेट’ उभारलं. त्या काळात असं काम करणाऱ्या प्रत्येकाला एकच भीती असायची: यंत्र गप्प झालं तर ते मेलं, हरवलं, की नुसतं ऐकू येत नाहीये?

जगभर अनुभव सारखाच होता. अमेरिकेत मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर २००२ साली समुद्रपक्ष्यांच्या बिळांत मोटं ठेवली. नंतर आकडे तपासताना असं दिसलं की ज्या मोटचं आर्द्रतेचं वाचन अशक्य येऊ लागलं, ते थोड्या काळाने बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणजे यंत्र आजारी असल्याचं सांगत होतं, पण ते मोजमापाच्या आडून. आजारपणासाठी वेगळा शब्द त्याला दिलेलाच नव्हता. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात एका सत्तर मीटर उंच रेडवुड झाडावर ४४ दिवस मोटं बांधली. रेडिओवर भरवसा नको म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या मेमरीतही नोंद ठेवायची अशी व्यवस्था होती. पण आधीच्या तपासणीच्या नोंदी मेमरीतून पुसायच्या राहिल्या. जागा आधीच भरलेली, त्यामुळे प्रयोग संपायच्या आत वह्या संपल्या. एकूण अपेक्षित नोंदींपैकी निम्म्याच्या आसपासच हाती लागल्या.

आणि बटाट्यांची गोष्ट तर आमच्यासारख्यांनी दर दिवाळीला वाचावी अशी आहे. डेल्फ्टच्या संशोधकांनी २००५ साली हॉलंडमधल्या एका बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास मोटं लावली. उद्देश काय, तर करपा कधी येईल ते ओळखायचं. करपा आणि डावणी हे एकाच कुळातले रोग, दोघांनाही ओलं पान लागतं. म्हणजे आमचाच प्रश्न, पीक वेगळं. सॉफ्टवेअर दुरुस्त करून रेडिओवरून पाठवण्याची जी सोय ठेवली होती ती चुकून चालूच राहिली आणि चार दिवसांत बॅटऱ्या संपल्या. सगळं निस्तरून पुन्हा सुरू केल्यावर शेवटी जी माहिती हातात आली ती अपेक्षेच्या २ टक्के होती. लांगेनडोएन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हे सगळं प्रामाणिकपणे छापलं, आणि ‘मर्फीला बटाटे आवडतात’ अशा अर्थाचं शीर्षक दिलं. मर्फी म्हणजे तोच, ज्याच्या नियमानुसार जे बिघडू शकतं ते बिघडतंच. अपयश इतकं मोकळेपणाने छापणारे लोक मला फार मोठे वाटतात. आमच्या धंद्यात सगळे फक्त यशाच्या स्लाइड दाखवतात.

चार दिवसांत बॅटरी कशी संपते? त्याच सुमाराला आलेल्या टेलोस नावाच्या मोटचे आकडे घ्या. झोपेत ते पाचेक मायक्रोअँपिअर वीज खायचं. रेडिओ चालू असला की वीसेक मिलिअँपिअर, म्हणजे चार हजार पट. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला वीसने भागा, १२५ तास येतात. पाच दिवस. तोच सेल निव्वळ झोपेत वर्षानुवर्षं टिकेल. म्हणून रेडिओवर पाठवलेला प्रत्येक बडबडा शब्द बॅटरीच्या आयुष्यातून कापला जातो, आणि म्हणूनच आमच्यासारखे लोक यंत्र पाठवताना त्याचं तोंड शिवतात.

आजची परिस्थिती वरवर बघता बदलली आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ साली ईएसपी-३२ ही चिप आणली. आता बेंगळुरूच्या एसपी रोडवर ती काही शे रुपयांत मिळते. कंपनीचं एक कार्यालय पुण्यातही आहे. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलण्याच्या पाच पायऱ्या आहेत: चूक, इशारा, माहिती, डीबग आणि सगळ्यात खाली चक्क ‘व्हर्बोस’. एडसॅकच्या त्या अक्षरमाळेला आता चिपच्या आत अधिकृत खुर्ची मिळाली आहे. पण ठरवलेल्या पायरीच्या खालचे संदेश कंपाइल करतानाच वगळता येतात. ते वगळले की ओळ जाते, आणि तिच्याबरोबर तिने घेतलेला वेळही जातो. आमचा घोळ या चिपवरही सहज होऊ शकतो.

तिच्याच थोरल्या भावाची, ईएसपी-८२६६ ची, एक गंमत सांगते. सुरू होताना तो जे बोलतो ते स्क्रीनवर कचऱ्यासारखं दिसतं. किती मुलांनी चिप खराब समजून परत केली असेल! खरं तर चिपच्या आतल्या सुरुवातीच्या प्रोग्रामने ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल धरून ११५२०० चा वेग ठरवलेला असतो, आणि बोर्डवर असतो २६ मेगाहर्ट्झचा. त्रैराशिक मांडा, ७४८८० येतात. ऐकणाऱ्याने तो वेग लावला की कचऱ्याची स्वच्छ वाक्यं होतात. ते बिचारं पहिल्यापासून बोलतच असतं.

बडबडीचा आणखी एक खर्च आहे, जो एडसॅकच्या काळात नव्हता. विकलेल्या यंत्राचा डबा उघडून सिरियल पोर्टला तारा लावल्या की ते वाय-फायचा पासवर्ड किंवा सर्व्हरची किल्ली सरळ छापून दाखवतं, असे प्रकार सर्रास घडतात. विकास करताना सोय म्हणून लिहिलेली ओळ कोणीतरी काढायची विसरतो. त्यामुळे ‘बडबड बंद करा’ म्हणणारे सुरक्षावाले चुकीचे नाहीत.

मग मधला मार्ग काय? २००५ च्या सुमाराला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने ‘सिम्पथी’ नावाची पद्धत मांडली: प्रत्येक मोटने आपल्या तब्येतीचे मोजके आकडे नियमाने पाठवायचे, आणि आकडे आले नाहीत की ते न येणंच लक्षण मानून कारण शोधायचं. दुसरी युक्ती अलीकडे रुळते आहे. लांबलचक वाक्य यंत्रात ठेवायचंच नाही; ते आपल्या संगणकावर यादीत ठेवायचं आणि यंत्राने फक्त त्या वाक्याचा क्रमांक आणि आकडा पाठवायचा. साठ अक्षरांच्या जागी तीन-चार बाइट. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे आणि लोरावान त्यावरच चालतं. तिथे सगळ्यात मंद वेगाला एका संदेशात जेमतेम ५१ बाइट मावतात. वाक्यं पाठवायची चैन नाहीच. क्रमांक मावतात.

आम्ही शेवटी केलं ते एवढंच. वीज दिल्यावर साठ मिलिसेकंद थांबायचं, स्पष्ट लिहून. कुठल्याही ओळीच्या आधाराने नाही. टेबलावर आणि शेतात एकच प्रोग्राम, नोंदी दोन्हीकडे चालू, फक्त वाक्यांऐवजी क्रमांकांत. दिवसातून एकदा तब्येतीचा निरोप: बॅटरी, कितीदा रीसेट झालो, का झालो, रेडिओला कितीदा पुन्हा पाठवावं लागलं, आणि पट्टी स्थिर व्हायला किती वेळ लागला. शेवटचा आकडा आधी असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

नवीन फर्मवेअर घालायला मी स्वतः निफाडला गेले. बाग वाचली होती. मालकांचा भरवसा यंत्रापेक्षा हातावर जास्त, म्हणून ते रोज पहाटे पान चाचपून बघत होते आणि त्यांनी वेळेत फवारलं होतं. चहा घेताना त्यांनी सरळ विचारलं, “त्या दोन आठवड्यांत यंत्राने जे कोरडं कोरडं म्हटलं, त्यातलं खरं कोरडं किती अन् खोटं किती?”

सर्व्हरवरचे सगळे आकडे माझ्याजवळ होते. दर पंधरा मिनिटाला एक, चौदा दिवसांचे, तेराशेच्या वर. प्रत्येकापुढे ‘कोरडं’. कोणता आकडा पट्टी जागी व्हायच्या आत घेतलेला आणि कोणत्या दुपारी खरंच ऊन होतं, हे वेगळं करणारी एकही नोंद त्यांत नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं.